विलीन होते कंपनी, संघटनेचे काय?

कोल्हापुरात संघटनेची ओळख करून द्यावी लागत नाही. साखर कारखाना असो, शिरोलीची फौंड्री असो की इचलकरंजीची सूतगिरणी, गेटवर दोन संघटनांचे दोन फलक असले तरी पगारवाढीची बोलणी कोणाशी होणार हे पाळीवर जाणाऱ्या शेवटच्या माणसालाही ठाऊक असते. बोलणी होतात मान्यता असलेल्या संघटनेशी. महाराष्ट्राच्या 1971 च्या मान्यता कायद्याने त्यासाठी माप घालून दिले: पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ज्या संघटनेचे सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद असतील, ती औद्योगिक न्यायालयात अर्ज करून मान्यता मिळवू शकते. साखर आणि कापड धंद्यात त्याहून जुना, 1946 चा कायदा आणि त्यातला 'प्रातिनिधिक संघ'. 1982 चा गिरणी संप ज्यांना आठवतो, त्यांना हेही आठवत असेल की तो जितका पगारासाठी होता, तितकाच 'आमच्या वतीने बोलणार कोण' या प्रश्नासाठी होता.

उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला मात्र यातला एकही कायदा लागू पडत नाही. हवाई वाहतुकीच्या बाबतीत 'समुचित सरकार' केंद्राचे, आणि राज्याचा मान्यता कायदा चालतो तो राज्याच्या अखत्यारीतल्या उद्योगांना. केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यात करार होता, निवाडा होता, संप-टाळेबंदी होती. संघटनेला मान्यता द्यावी असे मालकाला सांगणारे कलम नव्हते. होती ती 1958 ची शिस्तसंहिता, आणि ती ऐच्छिक. त्यामुळे केबिन क्रूच्या संघटनेची मान्यता व्यवस्थापनाच्या मर्जीवर राहिली. कंपनी एकटी असते, नफ्यात असते, तोवर ही उणीव झाकली जाते. दोन कंपन्या एक होतात तेव्हा ती उघडी पडते. भारतात तसे किमान चार वेळा घडले आणि दर वेळी थोड्याफार फरकाने तेच झाले.

पहिले मोठे एकत्रीकरण 1953 चे. टाटांनी 1932 मध्ये कराची-मुंबई टपालाच्या विमानाने सुरू केलेल्या धंद्यात स्वातंत्र्यानंतर बऱ्याच कंपन्या उतरल्या होत्या आणि बहुतेक तोट्यात होत्या. एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने 1 ऑगस्ट 1953 पासून दोन महामंडळे झाली. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल, आणि देशांतर्गत उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स, जिच्यात आठ कंपन्या सामावल्या: डेक्कन एअरवेज, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि जुन्या एअर इंडियाचा देशांतर्गत भाग. कायद्याच्या विसाव्या कलमाने 1 जुलै 1952 पूर्वीपासून नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याला त्याच पगारावर, त्याच सेवाशर्तींवर महामंडळात घेतले. शर्ती बदलायच्या तर त्या महामंडळाने रीतसर बदलाव्यात, अशीही तरतूद होती. माणसाची हमी कायद्यात लिहिली गेली, हे त्या काळाचे मोठेपण. माणसांच्या जुटीची मात्र लिहिली गेली नाही, आणि हा पायंडा पुढे सुटला नाही.

महामंडळांच्या काळात संघटना बळकट झाल्या. एअर इंडियात 'एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन' आणि इंडियन एअरलाइन्समध्ये 'ऑल इंडिया केबिन क्रू असोसिएशन', अशा दोन कंपन्यांत केबिन क्रूच्या दोन संघटना, आणि दोघींचे इंग्रजी लघुरूप एकच: एआयसीसीए. बाहेरच्या माणसाला दोन्ही एकच वाटाव्यात इतके साम्य. प्रत्यक्षात त्यांचे करार वेगळे, भत्ते वेगळे, ज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या.

आणि संघटना होती म्हणजे सगळ्यांचा आवाज होता, असेही नाही. हा इतिहास लिहिताना ही गोष्ट लपवता येणार नाही. एअर इंडियात त्या वेळी हवाई सुंदरीची नोकरी वयाच्या 35 व्या वर्षी संपे, किंवा चार वर्षांच्या आत लग्न केले तर, किंवा पहिल्या गरोदरपणी. यातले जे आधी घडेल ते. पुढची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या इच्छेवर. शेजारच्या ट्रॉलीवर तेच जेवण वाढणारा पुरुष सहकारी 58 पर्यंत नोकरीत. नर्गेश मिर्झा या हवाई सुंदरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 1981 रोजी गरोदरपणाची अट आणि संचालकांची मनमानी रद्द केली, पण चार वर्षांची लग्नबंदी कायम ठेवली. पुरुष आणि स्त्रिया हे दोन वेगळे संवर्ग आहेत, हे कंपनीचे म्हणणे मान्य झाले. त्याला टेकू होता तो 1966 च्या खोसला आणि 1972 च्या महेश न्यायाधिकरणांच्या निवाड्यांचा आणि संघटनेने मान्य केलेल्या करारांचा. संघटनेने सही केलेला कागद अशा रीतीने तिच्याच सभासद स्त्रियांच्या विरोधात उभा राहिला.

2003 मध्ये तर त्याहून विचित्र चित्र दिसले. स्त्रियांनी पन्नाशीला उड्डाण थांबवावे आणि पुरुषांनी 58 पर्यंत उडावे, या भेदाला मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले होते. त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील करणाऱ्यांत खुद्द केबिन क्रू असोसिएशन होती, आणि ती जिंकली. तिचे म्हणणे, कामगार श्रेणीतल्या बहुसंख्य मुलींना लवकर जमिनीवरचे काम हवे आहे. दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या त्या मुख्यतः बढती मिळून 'एक्झिक्युटिव्ह' श्रेणीत गेलेल्या हवाई सुंदरी. बढती घेतली की कागदोपत्री कामगारपण जाते, त्याबरोबर संघटनेचे छत्रही जाते, आणि काम मात्र तेच राहते: तोच गणवेश, तीच रात्रपाळी. हा 'एक्झिक्युटिव्ह' शब्द लक्षात ठेवावा. या सगळ्या कहाणीत तो पुन्हा पुन्हा येतो.

मधल्या काळात मालकाचे रूप एकदा बदलले होते, आणि त्याची चर्चा फार झाली नाही. 1 मार्च 1994 पासून दोन्ही महामंडळांच्या कंपन्या झाल्या. कर्मचारी पूर्वीच्याच शर्तींवर नव्या कंपनीत गेले, असे 1994 च्या कायद्याच्या आठव्या कलमात आहे. मग जुन्या महामंडळाने केलेले सेवानियम टिकले की गेले? सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले, गेले. कारण मूळ कायदा रद्द झाला आणि नवीन कायद्याने नियम स्पष्ट शब्दांत वाचवलेले नाहीत. कायद्यातले एक वाक्य लिहायचे राहून गेले आणि चाळीस वर्षांच्या नियमावलीचा आधार निघाला. विलीनीकरणाच्या कागदात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहिले आहे, ते आधी पाहावे, हे मी या निकालावरून शिकलो.

आता 2007. मंत्रिमंडळाने 1 मार्चला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या विलीनीकरणाला मंजुरी दिली, 30 मार्चला नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि 27 ऑगस्टला दोन्ही कंपन्या तिच्यात विरल्या. कर्मचारी तीस हजारांवर. एक कंपनी मुंबईची, नरिमन पॉइंटच्या इमारतीतून चालणारी, बोइंगची, लांबच्या पल्ल्याची. दुसरी दिल्लीची, एअरबसची, दिवसातून चार-चार वेळा उतरणारी. विमानांवरचे रंग लवकर एक झाले. माणसांच्या याद्या एक व्हायला वर्षे लागली.

याद्या एक करणे म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा एकीकडे 1990 साली लागलेली मुलगी दोन बढत्यांनंतर ज्या पदावर आहे, तिथे दुसरीकडे 1996 साली लागलेली आधीच पोहोचली आहे, कारण त्या कंपनीत जागा लवकर सुटल्या. आता एकाच यादीत वर कोण? नोकरीला लागल्याची तारीख धरली तर एकीवर अन्याय, पद धरले तर दुसरीवर. आणि यादीतला क्रमांक म्हणजे केवळ मान नव्हे. लंडनचे उड्डाण कोणाला, दिवाळीची सुट्टी कोणाला, सुपरवायझर कोण, कपात झाली तर आधी बाहेर कोण, हे सगळे त्या क्रमांकावर. भत्त्यांचेही तसेच. परदेशी मुक्कामाचा भत्ता हा एका घराचा हिशेब, देशांतर्गत उड्डाणांच्या उत्पादकतेवरचा प्रोत्साहन भत्ता हा दुसऱ्या घराचा. दोन्ही आकडे संघटनांनी वर्षानुवर्षे करारांतून मिळवलेले, म्हणून एकाच गणवेशातल्या दोघींच्या पगारपत्रकांत मेळ लागेना. हा गुंता सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली ती 2011 मध्ये, विलीनीकरणाला चार वर्षे होत आल्यावर. तिचा अहवाल 2012 च्या सुरुवातीला आला. हे काम विलीनीकरणाच्या आधी व्हायला हवे होते, यात मला तिळमात्र शंका नाही.

दरम्यान उद्रेक झालेच. वैमानिकांच्याही दोन संघटना होत्या. जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने एप्रिल-मे 2011 मध्ये समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. जुन्या एअर इंडियाच्या इंडियन पायलट्स गिल्डने 2012 मध्ये 58 दिवस. दुसऱ्या संपाचे मूळ ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण कोणाच्या वैमानिकांना, या वादात होते. म्हणजे एकाच कंपनीत दोन संघटना व्यवस्थापनाशी भांडता भांडता एकमेकींशीही भांडत होत्या. व्यवस्थापनाने काय केले? दोघींची मान्यता काढली, कार्यालयांना कुलुपे ठोकली. त्याआधी मे 2010 मध्ये कर्मचाऱ्यांच्या आणि अभियंत्यांच्या संघटनांचेही हेच झाले होते. ज्या मान्यतेला कायद्याचा पायाच नाही, ती एका पत्राने जाते. शिरोलीतल्या फौंड्रीच्या व्यवस्थापनाला एवढे सोपे नसते. त्याला औद्योगिक न्यायालयाची पायरी चढावी लागते.

खासगी कंपन्यांत तर काढून घ्यायला मान्यताच नव्हती. जेटने 2007 मध्ये सहारा घेतली, किंगफिशरने एअर डेक्कन गिळली. 13 ऑक्टोबर 2008 ला जेट आणि किंगफिशरने हातमिळवणी जाहीर केली आणि दोनच दिवसांत जेटमधल्या आठशे केबिन क्रूला घरी पाठवल्याची बातमी आली. एकूण आकडा 1,900 वर जाणार होता. गणवेशातली रडणारी मुले-मुली तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर दिसली. ती कोणाकडे गेली? संघटना नव्हती, म्हणून राज ठाकरे यांच्याकडे. मुंबईतून जेटचे विमान उडू देणार नाही असा इशारा दिला गेला आणि 16 तारखेच्या रात्री जेटचे प्रमुख नरेश गोयल यांनी निर्णय मागे घेतला. नोकऱ्या वाचल्या, आनंदच आहे. पण त्या वाचवताना ना करार झाला, ना कागद. किंगफिशरचे कोल्हापूरला येणारे विमान 2011 मध्ये बंद पडले, पुढच्या वर्षी कंपनीच जमिनीवर आली, कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकवून. जेट 17 एप्रिल 2019 ला थांबली.

अमेरिकेत हे वेगळ्या रीतीने होते, आणि तिथेही सगळे गोड नाही. तिथल्या रेल्वे लेबर कायद्याखाली दोन कंपन्या एक झाल्या की नॅशनल मिडिएशन बोर्ड 'आता ही एकच कंपनी' असे ठरवते आणि प्रतिनिधी कोण, याचा निकाल गरज पडल्यास मतपेटीतून लागतो. डेल्टा आणि नॉर्थवेस्ट 2008 मध्ये एक झाल्या. नॉर्थवेस्टच्या क्रूची संघटना जुनी आणि भक्कम; डेल्टाच्या क्रूची नव्हतीच. नोव्हेंबर 2010 मध्ये मतमोजणी झाली: संघटनेच्या बाजूने 9,216, विरोधात 9,544. तीनशे अठ्ठावीस मतांनी नॉर्थवेस्टच्या मुलींची अनेक दशकांची संघटना आणि तिचा करार गेला. युनायटेड आणि कॉन्टिनेंटल 2010 मध्ये एक झाल्या, पण दोन्हींच्या क्रूला एक करार मिळाला 2016 मध्ये. तोवर एका कंपनीत दोन करार चालले. हरणे-जिंकणे दोन्ही आहे, उशीरही आहे. पण हरणारीला आपण किती मतांनी हरलो ते कळते. आपल्याकडे तेही कळत नव्हते.

आपल्याकडे मोजणी नव्हती म्हणून काहीच नव्हते, असेही नाही. औद्योगिक विवाद कायद्याचे 25 एफएफ हे कलम सांगत होते, धंदा दुसऱ्याच्या हाती गेला आणि कामगाराची सेवा अखंड ठेवली, शर्ती पूर्वीपेक्षा कमी केल्या नाहीत, तर भरपाई द्यावी लागणार नाही. नाही तर द्यावी लागेल. अठराव्या कलमाप्रमाणे समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार मालकाच्या वारसाला आणि उत्तराधिकाऱ्यालाही बांधत होता. मुदत संपली तरी दोन महिन्यांची नोटीस देऊन तो संपवेपर्यंत चालत होता. म्हणजे करार मालकाबरोबर नव्या घरी जातो. पण तो पुन्हा करायची वेळ आली की टेबलाच्या अलीकडे बसणार कोण, हे सांगणारा कागद जात नाही. चंदगडच्या दौलतसारखा कारखाना भाडेपट्ट्याने दुसऱ्याकडे चालवायला जातो, तेव्हा आपल्या भागातल्या कामगाराला हाच फरक कळतो.

ऑक्टोबर 2021 मध्ये टाटांची बोली मान्य झाली आणि 27 जानेवारी 2022 ला एअर इंडिया परत टाटांकडे गेली. किंमत 18,000 कोटी, त्यातले 15,300 कोटी कर्जाच्या रूपाने. तेव्हा एअर इंडियात 12,085 कर्मचारी होते आणि त्यांतले 4,001 कंत्राटी. सरकारने अट घातली, एक वर्ष कोणाला काढायचे नाही; दुसऱ्या वर्षी काढायचे तर स्वेच्छानिवृत्ती द्यायची. प्रवाशाने नमस्कार घेऊन आत बसावे आणि जेवणाचे कौतुक करावे, एवढाच त्याला हा बदल दिसला. क्रूसाठी एक दार कायमचे मिटले. सरकारी कंपनी असताना अन्याय झाला तर उच्च न्यायालयात थेट रिट याचिका करता येत होती. 16 मे 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आता ही खासगी कंपनी आहे, तिच्याविरुद्ध अशी याचिका चालणार नाही. पूर्वी दाखल केलेलीही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आले याचा सहा जिल्ह्यांना अभिमान आहे. पण एअर इंडियातली कोल्हापूरची मुलगी सेवाशर्तींसाठी थेट तिथे रिट घेऊन जाऊ शकणार नाही.

तो निकाल आला त्याच मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये ठिणगी पडली. ही कंपनी पूर्वीच्या एअरएशिया इंडियाशी एक होत होती. जुन्या क्रूची संघटना होती, भारतीय मजदूर संघाशी संलग्न. बदललेल्या शर्ती आणि विषम वागणूक या तिच्या तक्रारी. 7 मेच्या रात्रीपासून शंभराहून अधिक जणांनी ऐनवेळी आजारी असल्याचे कळवले, उड्डाणे धडाधड रद्द झाली, कंपनीने 25 जणांना बडतर्फ केले. 9 मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे बैठक झाली. क्रू कामावर आला, बडतर्फी मागे घेतली गेली. प्रवाशांचे हाल झाले, ते समर्थनीय नाहीत. पण बोलायला मान्य जागा नसली की माणूस आजारपणाच्या रजेच्या अर्जावरून बोलतो, हेही तितकेच खरे. 1 ऑक्टोबरला त्या दोन कंपन्या एक झाल्या, 12 नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आणि त्याच सुमारास नियम निघाला, 1 डिसेंबरपासून मुक्कामी केबिन क्रूने हॉटेलची खोली दोघांत वाटून घ्यावी. सूट कोणाला? वरिष्ठ एक्झिक्युटिव्हना. बारा तास उभी राहून आलेली मुलगी, शेजारच्या पलंगावर दुसऱ्या वेळेच्या उड्डाणाची सहकारी, एकीचा गजर पहाटे तीनचा. ऑल इंडिया केबिन क्रू असोसिएशनने केंद्राकडे दाद मागितली. 2007 पासून तीन वेळा घर बदललेल्या कंपनीत तक्रार लिहायला ती जुनी इंडियन एअरलाइन्सची संघटनाच पुढे आली, याचे मला मोल वाटते.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि तिने पहिल्यांदाच मान्यतेचे माप केंद्राच्या कायद्यात आणले. हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरेल; तेवढा कोणाकडे नसेल तर 20 टक्क्यांच्या हिशेबाने वाटाघाटी परिषद. हे पाऊल पुढचे आहे आणि मी त्याचे स्वागत करतो. मात्र विलीनीकरणात जुन्या 60 टक्क्यांच्या संघटनेची नव्या मोठ्या हजेरीपटावर एका रात्रीत 25 टक्के होऊ शकते. पर्यवेक्षकाच्या कामावर 18,000 रुपयांहून अधिक पगार असेल तर त्याला 'कामगार' धरले जात नाही, म्हणजे पदनाम बदलून सभासद घटवायची वाट मोकळीच आहे. आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तो आता संप, त्याला चौदा दिवसांची नोटीस हवी. म्हणून विलीनीकरणाच्या योजनेतच एक कलम असावे: नवा करार होईपर्यंत दोन्हीकडच्या संघटना कायम, आणि सहा महिन्यांत गुप्त मतदान. विमानांच्या भाडेपट्ट्यांसाठी पानेच्या पाने लिहिणाऱ्यांना हे एक पान जड नाही.

कोल्हापूरचा या धंद्याशी संबंध वाढतो आहे. राजाराम महाराजांच्या काळातली धावपट्टी 2018 पासून पुन्हा नियमित गजबजली, मार्च 2024 मध्ये नवे टर्मिनल झाले, स्टार एअर तर आपल्याच जिल्ह्यातल्या घोडावत समूहाची. इथे उड्डाणे केलेली अलायन्स एअर ही इंडियन एअरलाइन्सचीच लेक, पण विक्रीतून वगळल्यामुळे सरकारकडे राहिलेली. या कंपन्यांत आपल्या मुली-मुले जाणार आहेत. घरात नेमणूकपत्र येईल तेव्हा पेढे वाटण्याआधी ते एकदा नीट वाचा: पदनाम कामगाराचे आहे की एक्झिक्युटिव्हचे, नेमणूक कायम आहे की मुदतीची, मालक बदलला तर सेवा अखंड धरली जाईल असे लिहिले आहे का. आणि कंपनीत संघटना असेल तर पहिल्या पगारातून तिची वर्गणी भरा. मोजणी हजेरीपटावर होणार आहे, तिथे संघटनेच्या बाजूचे प्रत्येक नाव मोजले जाईल.